एम.ए.चा अर्ज आणि आबांची दस्ती

आबांच्या खांद्यावर कायम एक दस्ती असायची. आमच्याकडं मोठ्या रुमालाला दस्ती म्हणतात. लोक तिनं घाम पुसतात, तिच्यात भाकरी बांधतात. आमचं घर तिच्यावर चालायचं. आबा हेडी होते. जनावरांच्या बाजारात विकणारा आणि घेणारा यांच्या मधे उभं राहून सौदा जुळवून देणारा तो हेडी. भाव तोंडानं बोलायचा नाही, ही त्या बाजाराची रीत. समोरच्याचा हात दस्तीखाली घ्यायचा, बोटं दाबून विचारायचं, बोटं दाबूनच सांगायचं. एक बोट म्हणजे एक, अख्खा पंजा म्हणजे पाच. भोवती शंभर माणसं उभी असली तरी काय ठरलं ते दोन हातांनाच ठाऊक.

मला ही भाषा सातव्या-आठव्या वर्षी आली. पोरीबाळींनी जनावरांच्या बाजारात जायचं नाही, म्हणून आबांनी बाजारच घरी आणला होता. जेवणं झाली की ओट्यावर माझा हात दस्तीखाली घ्यायचे आणि म्हणायचे, "सांग, किती?" मी चुकले की हसायचे, बरोबर आलं की आणखी जोरात हसायचे. आई आतून ओरडायची, "पोरीला हेडी करायलाव का?" आबा म्हणायचे, "इद्या हाय ही. वाया जात न्हाई."

त्या विद्येचे दोन नियम त्यांनी माझ्याकडून पाठ करून घेतले होते. पहिला, जे पाहिजे ते झाकून विचारावं. चारचौघांत विचारलं की समोरच्याला 'हो' म्हणायचं असलं तरी 'नाही' म्हणावं लागतं. दुसरा, जनावर आपलं आहे हे कुणाला कळू द्यायचं नाही. "आपलं म्हनलं की भाव पडतो, माय. घेनाऱ्याला कळतंय, ह्याला गरज हाय." म्हणून स्वतःच्या दावणीचा बैल विकायला नेला तरी आबा तिथं उभं राहून शांतपणे सांगायचे, "माझं काय न्हाई, मी मधला मानूस."

मग दुष्काळ पडला. पहिल्या वर्षी लोक म्हणाले, होतं असं. दुसऱ्या वर्षी कुणी काही म्हणालं नाही. विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरायची वेळ आली, आई रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली आणि आबांचा बाजार उलटा झाला. विकणारे पहाटेपासून रांगा लावून उभे, घेणारा दुपारी सावकाश यायचा. ज्या बैलासाठी आदल्या साली दोन गावांत भांडण झालं होतं, त्या बैलाकडं कुणी मान वळवून बघेना. लोकांना वाटायचं, हेड्याची चंगळ आहे. प्रत्यक्षात सौदाच होत नव्हता, आणि झाला तर विकणारा आबांनाच शिव्या देऊन जायचा. आबा संध्याकाळी घरी यायचे, दस्ती खुंटीला लावायचे आणि तिच्याकडं बघत बसायचे.

मी तेव्हा लातूरला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. विषय अर्थशास्त्र. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. आमचं गाव रात्रीतून एका जिल्ह्यातून उचलून दुसऱ्यात ठेवलं गेलं, पण हंडे तेवढेच आणि टँकरही तोच. एके दिवशी आमचे सर फळ्यावर मागणी-पुरवठ्याच्या रेघा काढत होते. पुस्तकात लिहिलं होतं की बाजारात घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला भाव माहीत असतो. मला राहवलं नाही. मी उभी राहिले आणि म्हणाले, "सर, आमच्या बाजारात भाव कुणालाच माहीत नसतो. फक्त दोन हातांना माहीत असतो. आणि विकायची गरज ज्या दिवशी सगळ्यात जास्त, त्याच दिवशी भाव सगळ्यात कमी. असं का?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. तास संपल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही जे विचारलंत त्याला कृषी अर्थशास्त्र म्हणतात. ते वेगळं शिकता येतं."

वेगळं शिकता येतं, हे ऐकून मला जे वाटलं ते आजही सांगता येत नाही. आबांच्या दस्तीकडं बघत बसण्याला कुठंतरी नाव आहे, पुस्तक आहे, पदवी आहे! मी सरांच्या मागंच लागले. त्यांनी एका जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर मला रस्ते लिहून दिले. पहिला रस्ता कृषी विद्यापीठाचा, एम.एस्सी. दोन वर्षं, त्यात शेती व्यवस्थापन, पणन, संख्याशास्त्र, आणि शेवटी गावोगाव फिरून माहिती गोळा करून लिहायचा प्रबंध. सगळ्यात पक्का रस्ता, पण तो फक्त बी.एस्सी. कृषी झालेल्यांना. म्हणजे जिच्या घरात जनावरं आणि माती सोडून दुसरं काही बोललंच गेलं नाही, तिला दार बंद, कारण बारावीनंतर तिला कुणी सांगितलं नाही की असं काही दार असतं. मला इतका राग आला की तो कागद मी सरांच्या समोरच चुरगाळला आणि पुन्हा सरळ केला.

दुसरा रस्ता, घरी बसून बाहेरून एम.ए. पण बाहेरून बसणाऱ्याला साधं अर्थशास्त्र मिळायचं, शेतीचा खास पेपर नाही. तिसरा, सहकाराची पदविका. वर्षभरात होते, सोसायटीत चिकटता येतं, पण माझ्या प्रश्नाला तिथं कुणी विचारत नव्हतं. चौथा रस्ता नांदेडचा. तिथल्या एका कॉलेजात एम.ए.ला कृषी अर्थशास्त्र हा खास विषय होता, आणि एका पेपराऐवजी लघुप्रबंध लिहायची मुभा होती. टंचाईच्या गावातल्या मुलांसाठी फी माफ आणि वसतिगृह फुकट, अशा मोजक्या जागा होत्या. सरांनी चौथ्या रस्त्याखाली दोन रेघा ओढल्या.

घरी विषय काढला तेव्हा आईनं कपाळाला हात लावला. "दुष्काळात तेरावा महिना," ती म्हणाली. मामा येऊन बसले होते, ते म्हणाले, नवीन जिल्हा झालाय, हापिसं निघालीत, कारकुनी बघा, नाहीतर स्थळ बघा. आबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग त्यांनी दस्ती काढली, माझा हात तिच्याखाली घेतला आणि सगळ्यांसमोर मला गुपचूप विचारलं. मी दोन बोटं दाबली. दोन वर्षं. त्यांनी माझा सगळा पंजा आवळला. बाजारात ह्याचा अर्थ सौदा पक्का.

मग तोंडानं एवढंच म्हणाले, "एकच बारी. फुडल्या साली बाजारच ऱ्हाईल का न्हाई ठावं न्हाई."

अर्ज भरला, मुलाखतीचं पत्र आलं. टंचाईचा दाखला तहसीलमधून मिळाला, तोही आबांनी चार खेपा घातल्यावर. प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी, शुक्रवारी, आम्ही एस.टी.नं नांदेडला पोचलो. आबांना नांदेड ठाऊक होतं ते माळेगावच्या जनावरांच्या जत्रेच्या पुढं लागणारं गाव म्हणून. कॉलेजच्या आवारात शिरल्यावर त्यांनी चपला काढून हातात घेतल्या. मी म्हटलं, "आबा, घाला त्या." ते म्हणाले, "असू दे," आणि लिंबाखाली जाऊन बसले. आत येणार नाही म्हणाले. मला तेव्हा बरं वाटलं. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. त्यांचं मळकं धोतर, शेणाचा वास मारणारी दस्ती आणि हातातल्या चपला घेऊन ते बाहेरच बसले, याचं मला बरं वाटलं.

मुलाखत चांगली झाली. विभागप्रमुख पिकल्या केसांचे, मऊ बोलणारे होते. त्यांनी विचारलं, "चारा महागला की बैल स्वस्त का होतो?" मी म्हटलं, "सर, त्या दिवशी बाजारात सगळेच विकायला आलेले असतात आणि घेणाऱ्याला ते दिसत असतं. भाव झाकलेला असतो, पण गरज उघडी असते." ते खुर्चीत पुढं सरकले. मग त्यांनी दस्तीखालच्या व्यवहाराबद्दल इतकं विचारलं की बाकीचे दोघं घड्याळ बघायला लागले. शेवटी म्हणाले, "ऑफिसात कागद दाखव आणि नाव नोंदवून टाक."

मी जवळजवळ पळतच ऑफिसात गेले. तिथल्या मुख्य कारकुनांनी एक-एक कागद उलटा केला आणि टंचाईच्या दाखल्यावर बोट ठेवलं.

"हा शिक्का जुन्या जिल्ह्याचा आहे."

मी सांगितलं, तहसीलमध्ये नवा शिक्का अजून आलेला नाही, जुन्यावरच काम चाललंय. ते म्हणाले, "तुमचं गाव आता लातूर जिल्ह्यात. जुन्या जिल्ह्याच्या शिक्क्याचा दाखला मी कसा धरू? उद्या तपासणीत मला विचारतील." मी म्हटलं, गाव तेच आहे, दुष्काळ तोच आहे. ते म्हणाले, "दुष्काळ तोच असेल, शिक्का तो नाही. आज संध्याकाळी यादी बंद."

मी त्यांच्यापुढं रडले. हट्टानं नाही, राग येऊनही नाही, सगळं हातातून सुटल्यावर माणूस जसं रडतं तसं. चारचौघांत, मोठ्यानं. चार-पाच मुलं रांगेत उभी होती, ती बघत राहिली. कारकून म्हणत होते, "रडून काय होणार बाई? नियम आहे." ते वाईट नव्हते. पण सगळ्यांसमोर मागितलं होतं मी, आणि सगळ्यांसमोर त्यांना नाहीच म्हणावं लागत होतं. आबांचा पहिला नियम मी विसरले होते.

आबांना खिडकीतून मी रडताना दिसले असणार. ते आत आले. रांगेतून सरळ टेबलापाशी गेले, कारकुनांच्या टेबलावर ठेवलेल्या हातावर त्यांनी खांद्यावरची दस्ती टाकली आणि तिच्याखाली आपला हात घातला.

मला त्यांचं मनगट हललेलं दिसलं. एक बोट. ते एक दिवस मागत होते. साहेबांना लोकांदेखत हो म्हणता येत नाही, तर निदान झाकून म्हणू द्यावं, एवढाच त्यांचा विचार. आयुष्यभर त्यांनी अडलेल्या माणसांची अब्रू अशीच झाकली होती.

कारकून ताडकन उभे राहिले. दस्ती जमिनीवर पडली. "लाच देतो? माझ्या ऑफिसात, लोकांदेखत, मला लाच देतो?" त्यांचा आवाज सगळ्या व्हरांड्यात गेला. खरंच दुखावले होते ते, सरळ माणूस असावेत. "कोण आहे हा? कुणासोबत आलाय? ज्याच्यासोबत आलाय त्याचं नाव आत्ता यादीतून कटाप!"

आरडाओरड ऐकून विभागप्रमुख आले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आबांकडं बघितलं. मला त्यांनी हळूच विचारलं, "बाळ, हे कोण?"

मला उत्तर माहीत होतं. तीन शब्दांचं उत्तर होतं. त्याच्यापुढं आणखी दोन वाक्यं बोलायची होती, की सर, तुम्ही आत्ता ज्या दस्तीबद्दल अर्धा तास विचारत होतात, ती हीच, आणि ह्यांनी पैसे नाही, एक दिवस मागितलाय. ते सरांना नक्की कळलं असतं. नांदेडात त्या दिवशी ते कळणारा तो एकच माणूस होता. पण मी जमिनीवर पडलेल्या दस्तीकडं बघत राहिले. नाव कटाप, हे दोनच शब्द माझ्या डोक्यात होते. आणि खरं सांगायचं तर नुसती भीती नव्हती. लाज होती.

आबांनी माझ्याकडं एकदाच बघितलं. मग वाकून दस्ती उचलली, झटकली, खांद्यावर टाकली, आणि बाजारात बोलायचे त्या शांत आवाजात म्हणाले, "माझी कोन न्हाई सायब ती. मी मधला मानूस. येस्टीत गाठ पडली. पोरगी रडाया लागली म्हनून मधी पडलो. तिचा काय दोष न्हाई."

मी गप्प राहिले.

विभागप्रमुखांनी सुस्कारा सोडला. "असल्या दलालांच्या नादी लागत जाऊ नकोस," ते मला म्हणाले, आणि कारकुनांना बाजूला घेऊन काहीतरी बोलले. कारकून अजून धुसफुसत होते, पण मला म्हणाले, "सोमवारी दुपारपर्यंत नव्या जिल्ह्याच्या शिक्क्याचा दाखला आणा. आणि त्या माणसाला पुन्हा इथं आणू नका. मी चेहरा विसरत नाही." तोवर आबा फाटकाबाहेर गेले होते. चपला त्यांच्या हातातच होत्या.

परतीच्या एस.टी.त आम्ही शेजारी बसलो. मी म्हटलं, "आबा." ते म्हणाले, "निज जरा. थकलीस." मला वाटलं, दस्तीखाली त्यांचा हात धरावा. तेवढं धाडसही मला झालं नाही.

शनिवारी ते एकटेच लातूरला गेले. नव्या जिल्ह्याचं ते ऑफिस एका भाड्याच्या घरात होतं. कागदांचे गठ्ठे अजून सुतळ्यांनी बांधलेले, आणि शिक्क्याच्या कपाटाची किल्ली ज्याच्याकडं, तो टँकर बघायला बाहेरगावी गेलेला. आबा सकाळपासून पायरीवर बसून राहिले. ऑफिस बंद व्हायच्या बेताला किल्लीवाला आला आणि कंटाळून त्यानं शिक्का मारून दिला. आबांना वाचता येत नव्हतं. त्यांनी जुना दाखला आणि नवा दाखला शेजारी ठेवून दोन्ही शिक्के निरखून बघितले, डाग दिलेली जनावरं ओळखायचे तसे. घरी येऊन म्हणाले, "ह्यो येगळा हाय. बघ."

सोमवारी ते माझ्यासोबत नांदेडच्या बसस्टँडपर्यंत आले आणि तिथंच बाकावर बसले. मी कॉलेजात गेले, दाखला दिला. कारकुनांनी शिक्का उजेडात धरून पाहिला आणि माझं नाव नोंदवलं. पालकाच्या सहीच्या जागी आबांचा नाही, आईचा अंगठा होता. मी धावत बसस्टँडवर आले आणि सांगितलं. आबा म्हणाले, "ब्येस झालं," आणि आलेल्या गाडीत चढले.

पुढची दोन वर्षं ते नांदेडला यायचे ते बसस्टँडपर्यंतच. पिठाची पिशवी, चटणीचा डबा बाकावर माझ्या स्वाधीन करायचे आणि परत फिरायचे. मैत्रिणी विचारायच्या, तुझे वडील कधी येतच नाहीत का? मी म्हणायचे, बाजार असतो त्यांना. बाजार उरलेला नव्हता. आबा आता आईबरोबर खडी फोडत होते.

लघुप्रबंधासाठी मी विषय घेतला, दुष्काळातले जनावरांचे भाव. माहिती कुणाकडून घेणार होते? सुट्टीत ओट्यावर आबांसमोर वही घेऊन बसले. ते तासन्‌तास सांगत राहिले. कोण कधी विकतो, घेणारा कुठं उभा राहतो, पाऊस लांबला की पहिली गाय जाते का बैल, सगळं. मी लिहून घेतलं. विभागप्रमुखांनी लघुप्रबंध वाचून मला घरी चहाला बोलावलं. म्हणाले, "हा तुझा माहितगार कोण? विलक्षण माणूस दिसतो." तेव्हाही सांगता आलं असतं. भीतीचं काही कारण उरलं नव्हतं, पदवी जवळजवळ हातात होती. मी म्हणाले, "आहेत आमच्या भागातले एक."

निकाल लागला, पहिला वर्ग मिळाला. बांधलेला लघुप्रबंध घेऊन मी घरी गेले. आबा ओट्यावर बसले होते. त्यांनी काळ्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला, आतली पानं उलटली. मग विचारलं, "माझं कुटं लिवलंस?"

माहिती देणाऱ्यांची यादी शेवटच्या पानावर होती. नावं द्यायची नाहीत, फक्त व्यवसाय लिहायचा, अशी कॉलेजची रीत होती. त्या रीतीच्या आड मी किती सुखानं लपले होते, ते मला त्यांनी ते पान समोर धरल्यावर कळलं. मी वाचून दाखवलं, "एक मध्यस्थ. वय अंदाजे पन्नास. निरक्षर."

"म्हंजी काय?"

"मधला माणूस," मी म्हटलं.

आबांनी मान हलवली. त्यात टोमणा नव्हता, तेच तर सोसवत नव्हतं. "बराबर लिवलंस," ते म्हणाले. "आपलं म्हनलं की भाव पडतो."

मला रडू कोसळलं. मी त्यांच्या खांद्यावरची दस्ती ओढली, आमच्या दोघांच्या हातांवर टाकली आणि तिच्याखाली त्यांचा पंजा घट्ट धरला. मला काय सांगायचं होतं, त्यासाठी त्या भाषेत बोट नव्हतं. खडी फोडून त्यांची बोटं जाड झाली होती, दाबलेलं त्यांना कळत होतं की नाही, कोण जाणे.

थोडा वेळ त्यांनी हात तसाच राहू दिला. मग हळूच काढून घेतला.

"सौदा कवाच झाला, माय," ते म्हणाले. "आता हात कशापाई?"